दगडू, धोंडू, नकुसा

गावाकडची एखादी जुनी मतदारयादी घेऊन तिच्यावरून बोट फिरवत गेलं, की काही नावं पुन्हा पुन्हा लागतात. दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू, उकिर्डा. आजच्या बारशात एखाद्या आत्याने असलं नाव सुचवलं, तर बाळाची आई पाळण्यापुढून उठून जाईल. पण ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना लेकरू जिवापाड हवं होतं. पाठोपाठ दोन-तीन मुलं दगावलेल्या घरात पुढचं मूल जन्मलं, की त्याला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचं. दगडाला कोण कशाला नेईल? केरात क्षणभर ठेवून उचलून घेतलेला तो केरू, पदर पसरून मागून घेतलेला तो भिकाजी, आणि मुलगी समजून मरणाने पुढे सरकावं म्हणून नाक टोचून नथ घातलेला तो नथू. पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा पुजून, सटवाई बाळाच्या कपाळी काय लिहील या धास्तीने बायका बाळंतिणीच्या खोलीत जागत बसायच्या. अर्थात प्रत्येक दगडूच्या मागे मेलेली भावंडं असतात असं नाही, कितीतरी दगडू आपल्या आजोबांचं नाव चालवत असतात. पण त्या आजोबांना ते नाव मिळालं, त्यामागे पुष्कळदा हेच असायचं.

महाराष्ट्रात पाळणे कमी कसे झाले याचा इतिहास साधारणपणे दोन तऱ्हांनी सांगितला जातो. एक सुधारकांचा: रघुनाथ धोंडो कर्वे काळाच्या पुढे होते, समाजाने त्यांना छळलं आणि शेवटी त्यांचंच खरं ठरलं. दुसरा सरकारचा: लाल त्रिकोण, भिंतीवरच्या घोषणा, शिबिरं, लूप, तांबी, आणीबाणीतली नसबंदी. दोन्ही गोष्टी घडल्या, पण दोन्हींत बाईच्या हिशेबाला जागा नाही. जुन्या बायका बाळंतपणांबद्दल बोलताना दोन आकडे सांगत, झाली किती आणि जगली किती. या दोन आकड्यांतलं अंतर मिटत गेलं तशी माणसं थोड्या मुलांवर थांबायला लागली, आणि सुधारक व सरकार यांचं यश-अपयश त्या अंतरावरच ठरलं, असं माझं म्हणणं आहे.

आधी जुना हिशेब पाहू. कोकणस्थांच्या लग्नात नवरी नेसते त्या पिवळ्या लुगड्याचं नावच अष्टपुत्री, आणि नमस्कार केल्यावर मिळणारा आशीर्वादही अष्टपुत्रा सौभाग्यवती होण्याचा. हा आकडा आज हास्यास्पद वाटतो, पण त्या काळी तो हावरटपणाचा नव्हता. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत आजच्या महाराष्ट्राच्या भूभागाची लोकसंख्या २ कोटी १५ लाखांवरून २ कोटी ८ लाखांवर उतरली. बायकांनी बाळंतपणं थांबवली होती म्हणून ती उतरली नाही. १९१८ च्या इन्फ्लूएंझाने, प्लेगने आणि दुष्काळाने जन्मांहून जास्त माणसं नेली. मुंबई शहराच्या दप्तरात १९२१ साली अर्भकमृत्यूचा दर हजारी साडेसहाशेच्या वर नोंदला आहे, आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तो आठशेच्याही वर. हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. चाळीतल्या बाईचं बाळंतपण माहेरी कोकणात किंवा घाटावर व्हायचं, जन्म तिकडे जमा व्हायचा आणि ती तान्हं घेऊन मुंबईत परतली की मरण इकडे. त्यामुळे भागाकार फुगतो. पण फुगवटा काढून टाकला तरी उरतं ते भयंकरच आहे. गिरणीत पाळीला जाणारी आई बाळाला अफूची बाळागोळी देऊन निजवायची, कारण दिवसभर त्याला पाजायला घरी कोणी नसे. अशा खोलीत एक किंवा दोन मुलांवर थांबा असं सांगणं म्हणजे म्हातारपणी एकटे राहा असं सांगण्यासारखंच होतं.

हा हिशेब गरिबांपुरता नव्हता. आनंदीबाई जोशींचं लग्न नवव्या वर्षी झालं, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून त्या पेनसिल्व्हेनियाला जाऊन डॉक्टर झाल्या, १८८६ साली पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. बाबासाहेब आंबेडकर आपल्या आईबापांचं चौदावं अपत्य. त्या चौदांतली मोजकीच वाचली. त्यांच्या आणि रमाबाईंच्या पाच मुलांपैकी एकटे यशवंत जगले, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न गेले. हे लक्षात ठेवलं म्हणजे १९३८ च्या नोव्हेंबरातल्या मुंबई विधानसभेतल्या प्रसंगाला वेगळं वजन येतं. स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, भाषण आंबेडकरांनी तयार केलेलं. बाळंतपणांनी खंगणारी बाई आणि मुलांच्या भाराने वाकणारं गरीब घर, हा त्यामागचा विचार. ठराव फेटाळला गेला. चार मुलं पुरलेल्या बापाने मुलं कमी होऊ देण्याची सोय मागितली, यात विरोधाभास वाटेल. पण ज्या घरात खूप जन्मतात त्याच घरात खूप मरतात, हे त्यांना कोणी आकडेमोड करून दाखवायची गरज नव्हती.

कर्व्यांकडे येऊ. विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला होता. १९२३ मध्ये पुस्तक आलं, पुढे नोकरी गेली, आणि जुलै १९२७ पासून १९५३ साली मरण येईपर्यंत ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत राहिले. पत्नी मालतीबाईंनी आणि त्यांनी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि घराचा भार पुष्कळसा मालतीबाईंनी पेलला. अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ साली कर्व्यांचे वकील आंबेडकर होते. ते खटला हरले, दंड भरावा लागला. या माणसाच्या धैर्याबद्दल दुमत होऊ नये. तरीही इतिहास म्हणून विचारायला हवं की त्यांचं ऐकलं किती जणांनी. ‘समाजस्वास्थ्य’चा वाचक शिकलेला, शहरातला, पगारदार. त्याच्या घरी डॉक्टर येत होता, नळाचं पाणी होतं, मुलं जगत होती, आणि शाळेच्या फीचा खर्च महिन्याला दिसत होता. त्याला प्रश्न पडला होता म्हणून उत्तर पटलं. ना. सी. फडक्यांचं या विषयावरचं इंग्रजी पुस्तक १९२७ साली मार्गारेट सँगर यांच्या प्रस्तावनेसह निघालं, तेही याच वर्गासाठी. सँगर १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला गांधीजींना भेटल्या आणि गांधीजींनी साधनांऐवजी संयमाचा आग्रह धरला, तेव्हा वाद रंगला तोही वर्तमानपत्र वाचणाऱ्यांत. वर्ध्याच्या आसपासच्या खेड्यातल्या बाईला साधन आणि संयम यांतलं काहीच हातात नव्हतं, आणि तिची दोन मुलं अजून गोवरात जायची होती.

इथे एक रास्त आक्षेप येतो. मुलं जगायला लागल्यावर जन्म घटले असतील, तर १९२१ नंतर पन्नास वर्षं काय चाललं होतं? मरण १९२१ पासूनच उतरत होतं. देवीची लस, हिवतापावरची फवारणी, दुष्काळात पोहोचणारं धान्य, नंतर प्रतिजैविकं. पण १९६१ ते १९७१ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सत्तावीस टक्क्यांनी वाढून पाच कोटींवर गेली, म्हणजे जन्म तसेच चालू होते. माझ्या मते हा आक्षेप माझं म्हणणं खोडत नाही, नीट मांडायला लावतो. मृत्युदर कागदावर उतरतो त्या दिवशी घराचा विश्वास बसत नाही. आई आपला अंदाज बांधते तो आपल्या बहिणींवरून, जावांवरून, शेजघरावरून, आणि तिला सल्ला देणारी सासू आणखी एक पिढी मागचे दिवस मोजत असते. शिवाय आरंभी वाचले ते मोठ्या प्रमाणावर साथीतून आणि भुकेतून सुटलेले लोक. तान्ह्यांचं मरण त्या मानाने हळू हटलं. १९७१ साली महाराष्ट्रात जन्मलेल्या हजार बाळांतली १०५ वर्षाच्या आत जात होती, आणि एका बाईला सरासरी साडेचारच्या आसपास मुलं होत होती. वीस वर्षांनी हे आकडे ६० आणि तीन झाले. २०२० मध्ये १६ आणि दीड. अशी दोन माणसं हातात हात घालून जिना उतरताना दिसली तर कोण कोणाला ओढतंय हे लांबून सांगता येत नाही, हेही मान्य. अंतर ठेवून झालेली थोडी बाळंतपणं मुलांना जगवतात, त्यामुळे ओढ दोन्हीकडून असणार. म्हणून क्रम दिसेल असं एखादं ठिकाण जवळून पाहायला हवं.

ते ठिकाण जामखेड. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातला कायम टँकरची वाट पाहणारा तालुका. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० साली तिथे गेलं. आसपासच्या गावांत अर्भकमृत्यू हजारी १७६ होता आणि जन्मदर हजारी ४०. देशभर तेव्हा कुटुंबनियोजनाचे लक्ष्यांक वाटले जात होते. आरोळ्यांनी मात्र गावकऱ्यांना आधी काय हवं ते विचारलं, आणि उत्तर आलं पाणी आणि पोटाला अन्न. तेव्हा बोअर, मुलांसाठी शिजवलेलं जेवण, आणि मग गावातल्याच बायकांना दिलेलं शिक्षण. या आरोग्यसेविका बहुतेक निरक्षर, कितीतरी जणी दलित वस्तीतल्या. जुलाब लागलेल्या बाळाचं पाणी तोडू नका, उलट मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजा, हे त्या चुलीपुढे बसून करून दाखवत. जुन्या समजुतीप्रमाणे जुलाबात पाणी बंद करायचं असे, आणि मूल कोरडं पडून जायचं. एकदा दोनदा मूल वाचलेलं दिसलं की त्याच बाईचं पाळणा लांबवण्याचं बोलणंही ऐकलं जायचं. पुढच्या वीसेक वर्षांत अर्भकमृत्यू हजारी विसाच्या आसपास आला आणि जन्मदरही जवळजवळ निम्मा झाला. या भागात ना ‘समाजस्वास्थ्य’ पोहोचलं होतं, ना भराभर कारखाने उभे राहिले, ना कोणाच्या शेताला पाट आला. मूल वाचवणाऱ्या बाईवर बसलेला विश्वास तेवढा नवा होता.

याच्या शेजारी सरकारी कथा ठेवावी. १९५२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि धन्वंती रामा राव, आवाबाई वाडिया यांच्या पुढाकाराने मुंबई या चळवळीचं मोठं ठाणं झाली. पुण्यात शकुंतला परांजपे अनेक वर्षं हे काम करत होत्या, गोखले संस्थेत दांडेकर पतिपत्नी पुणे जिल्ह्यातले जन्म-मृत्यू मोजत होते. १९६०च्या दशकात मुंबईत रेल्वे स्थानकांवर नसबंदीची सोय झाली, लोकल पकडायला आलेला माणूस शस्त्रक्रिया करून घरी जाऊ शकत होता. मग आणीबाणी. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं, असं करणारं हे पहिलं राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही, एरवी पुरोगामी महाराष्ट्राच्या नावावर हीही नोंद पक्की झाली असती. १९७६-७७ या वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यांतल्या तीन-चतुर्थांश पुरुषांच्या. पुढच्या वर्षी हा आकडा दहा लाखांच्याही खाली आपटला आणि देशाचा जन्मदर पुढची सात-आठ वर्षं जवळजवळ हललाच नाही. सक्तीने जन्म कमी होतात असं म्हणणाऱ्याने या सात-आठ वर्षांचं काय करायचं ते सांगावं.

सक्तीचा एक परिणाम मात्र टिकला, आणि तो बायकांच्या वाट्याला आला. पुरुष बिथरले, त्यांची मतं गेली, म्हणून शिबिरातली खाट बाईसाठी मांडली गेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी जवळजवळ निम्म्यांचं ऑपरेशन झालेलं दिसतं. पुरुषांचं प्रमाण अर्धा टक्काही नाही. ‘तिचं ऑपरेशन झालं’ म्हटलं की कसलं हे मराठीत विचारावं लागत नाही. दोन मुलांवर थांबायचं हे दोघांचं ठरलेलं असेलही, पण थांबवण्यासाठी पोटावर टाके कोणाच्या, हे ठरवायची वेळ फार थोड्या घरांत आली.

दुसरा आक्षेप शिक्षणाचा. मुलींची शाळा हेच खरं कारण, असं पुष्कळ जण सांगतात, आणि केरळकडे बोट दाखवतात. जवळचा गोवाही दाखवता येईल, कारण १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीतच तिथे मुलांची सरासरी दोनच्या खाली आलेली होती. शिक्षणाचं वजन मी नाकारत नाही. शाळेने लग्नाचं वय पुढे ढकललं, आणि रानात गुरांमागे जाणारा हात दप्तर घेऊन बसवला. कमावतं मूल खर्चाचं झालं की हिशेब पालटणारच. पण शाळेत घातलेलं मूल दहा-बारा वर्षं हयात राहील याची खात्री असल्याशिवाय त्याच्या शिक्षणावर कोणी पैसा लावत नाही. जामखेडच्या बायका निरक्षर होत्या हेही विसरता येत नाही. केरळ आणि गोवा या दोन्ही ठिकाणी शाळेइतकाच दवाखाना जवळ होता, आणि त्यातलं नेमकं श्रेय वेगळं काढणं मला शक्य वाटत नाही.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र नावांतूनच येतो. मरण हटलं, मुलं थोडी झाली, तर मग सातारा जिल्ह्यात नकुसा कुठून आल्या? एकापाठोपाठ मुली झाल्या की शेवटच्या मुलीचं नाव नकुसा, नकोशी. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात समारंभ करून अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावं दिली गेली. दगडू हे नाव मरणाला फसवायला ठेवलेलं, त्याच्या आतून मूल हवंच होतं. नकुसा हे नाव मात्र जे म्हणतं तेच त्याला म्हणायचं आहे. आठांऐवजी दोन मुलं हवीशी झाली तेव्हा त्या दोनांत एक मुलगा हवा ही अट तशीच राहिली, उलट जास्त करकचली. आठ बाळंतपणांत मुलगा आपोआप यायचा, दोनांत तो आणावा लागतो. म्हणून नवसाच्या जागी सोनोग्राफी आली. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं महाराष्ट्र १९८८ साली देशात पहिलं राज्य होतं, आणि तरी सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. लहान कुटुंब म्हणजे सुधारलेलं कुटुंब, हे समीकरण सुधारकांनीही मांडलं आणि सरकारनेही. ते चुकलं. मुलांबद्दलची वृत्ती बदलली असं आपण म्हणतो तेव्हा बदललेली असते बहुधा संख्या. वंशाच्या दिव्याची ओढ संख्येमागे लपून पुढच्या शतकात आली.

दोनच्याही खाली उतरलेल्या आजच्या महाराष्ट्राचं काय, हेही कोणी विचारील. पाचव्या पाहणीत राज्याची सरासरी १.७ आली आणि गोव्याची १.३. हे मरणाच्या हिशेबाने उलगडत नाही, मान्यच करतो. दोन मुलं जगतील ही खात्री असताना एकावर थांबणाऱ्यांची, किंवा कर्वे दांपत्यासारखं मूलच नको म्हणणाऱ्यांची कारणं वेगळी आहेत. घराचा हप्ता, पाळणाघर, इंग्रजी शाळेची फी, आणि नोकरी सोडायची कोणी या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर. इथे माझ्या युक्तिवादाची हद्द संपते. पण पुढाऱ्यांची आणि राज्यकर्त्यांची जुनी सवय संपलेली दिसत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात सरसंघचालकांनी समाज टिकायचा तर प्रत्येक घरी दोनपेक्षा जास्त, म्हणजे तीन मुलं हवीत असं सांगितलं, आणि त्याच सुमारास आंध्र प्रदेशाने दोनहून अधिक मुलं असणाऱ्यांवरची स्थानिक निवडणुकांतली बंदी उठवली. जी माणसं नसबंदीच्या खाटेला भिऊन थांबली नव्हती, ती व्यासपीठावरून झालेल्या आवाहनाने पुन्हा पाळणा टांगतील, याचा इतिहासात तरी दाखला सापडत नाही.

महाराष्ट्रात सरकारी नोकरीला लागणाऱ्याला २००५ च्या नियमांनुसार लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र भरून द्यावं लागतं. दोनहून जास्त मुलं नाहीत असं लिहून द्यायचा तो कागद. त्यात मुलांची संख्या विचारताना एक शब्द घातलेला आहे, हयात. आज आपल्याला किती हयात मुलं आहेत. अर्ज भरणाऱ्या पंचविशीतल्या उमेदवाराच्या तो शब्द डोळ्यांतही भरत नाही, तो एक किंवा दोन असा आकडा टाकतो, बहुतेक वेळा शून्य, आणि खाली सही करतो.